स्तनातील गाठींच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिमाचित्रण तंत्रांचा तुलनात्मक अभ्यास : भंडारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

सारांश

स्तनामध्ये आढळणाऱ्या गाठी व अन्य विकृती ओळखण्यासाठी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि एमआरआय ही तीन तंत्रे प्रामुख्याने वापरली जातात. या तंत्रांची कार्यपद्धती, बलस्थाने व मर्यादा यांचा तुलनात्मक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. एखादे तंत्र सर्व वयोगटांतील आणि सर्व परिस्थितींतील स्त्रियांसाठी सर्वश्रेष्ठ ठरत नाही. स्त्रीचे वय, स्तनाची घनता, तपासणीचा हेतू आणि तपासणीनंतर उपलब्ध होणारी सोय यांवर त्याची उपयुक्तता अवलंबून असते, असे या आढाव्यातून दिसून येते. भंडारा जिल्ह्यासारख्या ग्रामीण व शेतीप्रधान जिल्ह्यात प्रशिक्षित हातांनी केलेली स्तनपरीक्षा, त्यानंतर त्वरित सोनोग्राफी व आवश्यकतेनुसार मॅमोग्राफी आणि ठराविक मुदतीत ऊतीपरीक्षा हा क्रम अधिक व्यवहार्य असल्याचे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्तनकर्करोग, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, एमआरआय, संवेदनशीलता, विशिष्टता, भंडारा जिल्हा.

प्रस्तावना

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणून आज स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख केला जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात भारतात या रोगाचे १,७८,३६१ नवे रुग्ण आढळले आणि ९०,४०८ स्त्रियांचा मृत्यू झाला. म्हणजे त्या वर्षी दर दोन नव्या रुग्णांमागे जवळपास एक मृत्यू नोंदविला गेला. रोग लवकर ओळखला जाणाऱ्या पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण बरेच कमी आहे. या तफावतीमागे उपचारांच्या उपलब्धतेइतकेच महत्त्वाचे कारण म्हणजे निदानास होणारा विलंब होय.

स्तनात लागलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, किंबहुना बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. तरुण वयात आढळणारी, बोटाखाली सरकणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ, पाण्याने भरलेली पुटी, स्तनपानाच्या काळात होणारे गळू, तसेच आपल्याकडे अजूनही आढळणारा स्तनाचा क्षयरोग अशी अनेक कारणे गाठीमागे असू शकतात. हाताला सारख्याच लागणाऱ्या या गाठींमधून धोक्याची गाठ वेगळी काढणे हे प्रतिमाचित्रणाचे खरे कार्य आहे. हे कार्य नीट न झाल्यास दोन्ही बाजूंनी हानी होते. कर्करोग असलेली स्त्री निर्धास्त राहते आणि कर्करोग नसलेली स्त्री भीती, खर्च व अनावश्यक शस्त्रक्रिया यांना सामोरी जाते.

भंडारा हा पूर्व विदर्भातील वैनगंगेच्या खोऱ्यातील जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके या जिल्ह्यात राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ इतकी असून सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. कर्करोगाच्या विशेष उपचारांसाठी येथील रुग्णांना प्रामुख्याने नागपूर गाठावे लागते. भंडारा शहरापासून नागपूर सुमारे ६० किलोमीटर असले तरी लाखांदूर किंवा साकोली तालुक्यातील आतल्या गावांपासून हे अंतर बरेच वाढते. धानाच्या रोवणीच्या व कापणीच्या दिवसांत मजुरी सोडून एवढा प्रवास करणे शेतमजूर स्त्रीला सहज शक्य होत नाही. त्यामुळे कोणते तंत्र श्रेष्ठ, या प्रश्नाचा विचार जिल्ह्याच्या या वास्तवापासून अलग करून करता येणार नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) स्तनातील विकृती ओळखणाऱ्या प्रमुख प्रतिमाचित्रण तंत्रांचे कार्य समजून घेणे.
२) प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांच्या आधारे या तंत्रांची तुलना करणे.
३) महाराष्ट्रात झालेल्या प्रयोगांचा या संदर्भात विचार करणे.
४) भंडारा जिल्ह्यासाठी व्यवहार्य अशा तपासणीक्रमाची मांडणी करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व तुलनात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. देशातील व परदेशातील प्रसिद्ध चाचण्यांचे निष्कर्ष, शासकीय मार्गदर्शक तत्त्वे आणि जनगणनेची आकडेवारी यांचा त्यासाठी उपयोग केला आहे.

चाळणी आणि निदान : दोन भिन्न प्रश्न

तंत्रांची तुलना करताना नेहमी होणारी गल्लत म्हणजे चाळणी तपासणी आणि निदानात्मक तपासणी यांची सरमिसळ होय. कोणतीही तक्रार नसलेल्या हजारो स्त्रियांमधून संशयास्पद स्त्रिया वेगळ्या काढणे म्हणजे चाळणी. गाठ लागल्यामुळे, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आल्यामुळे किंवा त्वचा आत ओढली गेल्यामुळे स्वतःहून आलेल्या स्त्रीची तपासणी म्हणजे निदान. चाळणीत हजारामागे मोजक्याच स्त्रियांना रोग असतो. निदानात्मक तपासणीत हे प्रमाण कितीतरी पट अधिक असते. म्हणून एका हेतूसाठी उत्तम ठरलेले यंत्र दुसऱ्या हेतूसाठीही तितकेच उत्तम ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

तपासणीची गुणवत्ता मोजण्यासाठी दोन मापदंड वापरतात. रोग असलेल्या शंभर स्त्रियांपैकी किती जणींना तपासणी अचूक पकडते, ते प्रमाण म्हणजे संवेदनशीलता. रोग नसलेल्या शंभर स्त्रियांपैकी किती जणींना तपासणी निर्दोष ठरविते, ते प्रमाण म्हणजे विशिष्टता. संवेदनशीलता कमी असेल तर रोग सुटतो. विशिष्टता कमी असेल तर निरोगी स्त्रियांना नाहक पुढील तपासण्यांच्या फेऱ्यात अडकावे लागते. सामान्यतः एक वाढवू गेल्यास दुसरी घटते, ही बाब पुढील विवेचनात सतत लक्षात ठेवावी लागेल.

मॅमोग्राफी

स्तनाची क्ष-किरण तपासणी म्हणजे मॅमोग्राफी. बर्लिन येथील शल्यचिकित्सक अल्बर्ट सॉलोमन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. पुढे उरुग्वेचे राऊल लेबोर्न यांनी स्तन दाबून चित्र घेण्याचे महत्त्व आणि कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. १९६० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट ईगन यांनी खात्रीशीर चित्रे मिळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्याच दशकात फ्रान्समध्ये केवळ स्तनासाठी बनविलेले यंत्र तयार झाले. २००० मध्ये अमेरिकेत डिजिटल मॅमोग्राफीला मान्यता मिळाली.

या तपासणीत दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही क्षण दाबून वरून खाली आणि तिरकस अशी प्रत्येकी दोन चित्रे घेतली जातात. दाबामुळे थोडा त्रास होतो, परंतु त्यामुळे ऊती पसरतात, चित्र स्पष्ट येते आणि किरणांची मात्राही कमी लागते. दोन्ही स्तनांच्या नेहमीच्या तपासणीत शरीराला मिळणारी मात्रा साधारणतः ०.४ मिलिसीव्हर्ट असते. निसर्गतः आपल्याला सुमारे सात आठवड्यांत मिळणाऱ्या किरणोत्साराइतकीच ही मात्रा आहे. चाळिशीनंतरच्या स्त्रीला होणाऱ्या लाभाच्या तुलनेत हा धोका अत्यल्प मानला जातो.

मॅमोग्राफीचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे हाताला न लागणारा रोग दाखविण्याची तिची क्षमता. दुग्धनलिकेतच सीमित असलेला प्रारंभिक कर्करोग पुष्कळदा कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांच्या पुंजक्यांमुळेच उघड होतो आणि हे कण दाखविण्यात मॅमोग्राफीची बरोबरी इतर तंत्रे करू शकत नाहीत. शिवाय चाळणीमुळे मृत्यू घटतात, हे दीर्घकालीन यादृच्छिक चाचण्यांतून याच तंत्राबाबत दाखविले गेले आहे. न्यूयॉर्क येथे १९६३ मध्ये सुरू झालेली चाचणी आणि १९८५ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झालेली स्वीडनची दोन परगण्यांतील चाचणी या त्यांपैकी प्रमुख होत.

तथापि, या तंत्राची एक मूलभूत मर्यादा आहे. क्ष-किरणचित्रात चरबी काळसर दिसते, तर दुग्धग्रंथींची ऊती आणि कर्करोगाची गाठ ही दोन्ही पांढरी दिसतात. ज्या स्तनात ग्रंथींचे प्रमाण अधिक, म्हणजे ज्याची घनता अधिक, त्यात पांढऱ्या पार्श्वभूमीवरील पांढरी गाठ लपून जाते. तरुण स्त्रियांचे स्तन सामान्यतः अधिक घन असतात. भारतात स्तनकर्करोगाचे निदान पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे एक दशक आधीच्या वयात होताना दिसते. त्यामुळे परदेशातील पन्नाशीपुढील स्त्रियांच्या अनुभवावर आधारलेले आकडे आपल्याकडील चाळिशीच्या स्त्रीला जसेच्या तसे लावणे योग्य ठरत नाही. अमेरिका व कॅनडातील ४९,५२८ स्त्रियांचा समावेश असलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पन्नाशीखालील, घन स्तनांच्या तसेच रजोनिवृत्तीपूर्व व तिच्या आसपासच्या स्त्रियांमध्ये फिल्मपेक्षा डिजिटल मॅमोग्राफी अधिक अचूक ठरली. मात्र त्यामुळे घनतेची अडचण कमी झाली, नाहीशी झाली नाही.

याच अडचणीवरील पुढचा उपाय म्हणजे टोमोसिंथेसिस. यात यंत्राची नळी कमानीत फिरून अनेक कोनांतून चित्रे घेते आणि संगणक त्यांतून स्तनाचे पातळ थर वेगवेगळे दाखवितो. ऑस्लो येथील १२,६३१ स्त्रियांच्या अभ्यासात या तंत्राची जोड दिल्याने हजारी कर्करोग सापडण्याचे प्रमाण ६.१ वरून ८.० पर्यंत वाढल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

सोनोग्राफी

मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात पाठवून त्यांच्या प्रतिध्वनींपासून चित्र तयार करणे हे सोनोग्राफीचे तत्त्व आहे. स्तनाच्या तपासणीसाठी तिचा प्रायोगिक वापर १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जॉन वाइल्ड व जॉन रीड यांनी केला. या तपासणीत किरणोत्सार नाही व दाबही नाही. त्यामुळे गर्भवती, स्तनपान देणाऱ्या आणि तिशीखालील स्त्रियांमध्ये ती प्रथम पसंतीची ठरते.

सोनोग्राफीचे पहिले महत्त्वाचे कार्य म्हणजे पाण्याची पुटी आणि भरीव गाठ यांतील भेद दाखविणे. साधी पुटी काळी, गुळगुळीत काठाची आणि मागील भाग उजळ करणारी दिसते. अशा स्त्रीला तेथेच निश्चिंत करता येते. भरीव गाठीच्या बाबतीत तिचा आकार व काठ पाहिले जातात. त्वचेला समांतर पसरलेली, अंडाकृती, स्वच्छ काठाची गाठ बहुधा निरुपद्रवी असते. रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली, काटेरी काठाची व मागे छाया टाकणारी गाठ संशयास्पद ठरते. स्टाव्हरोस व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ७५० भरीव गाठींच्या अभ्यासात अशा लक्षणांच्या आधारे ९८.४ टक्के संवेदनशीलता नोंदविली. या अभ्यासाने गाठ पाहून बायॉप्सी टाळता येईल का, या विचाराला दिशा दिली. दुसरे कार्य म्हणजे मार्गदर्शन. पडद्यावर गाठ पाहत असतानाच तिच्यात सुई घालून ऊतीचा तुकडा काढता येतो. त्यामुळे अंदाजाने सुई घालण्यातील चूक टळते आणि अनेक स्त्रियांना केवळ निदानासाठी होणारी शस्त्रक्रिया करावी लागत नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. कॅल्शियमचे सूक्ष्म कण सोनोग्राफीत भरवशाने दिसत नाहीत. तपासणीची गुणवत्ता यंत्र हाताळणाऱ्याच्या कौशल्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. एकाच रुग्णाचे चित्र दोन तपासनीस वेगवेगळे काढू शकतात.

भारतात या यंत्राला एक कायदेशीर पैलू आहे. गर्भलिंगनिदानाचा गैरवापर रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, तर १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची व केंद्राची नोंदणी आवश्यक असून ते कोणी व कोठे वापरावे यावर कडक निर्बंध आहेत. हे निर्बंध सामाजिकदृष्ट्या आवश्यकच आहेत. परंतु त्यामुळे एखादे छोटे यंत्र पिशवीत घालून गावोगावी स्तनतपासणी करण्याची परदेशी कल्पना येथे तशीच राबविता येत नाही. मॅमोग्राफी यंत्रासाठी त्याचप्रमाणे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तंत्रांची तुलना करताना या बाबी दुर्लक्षून चालणार नाही.

एमआरआय

शक्तिशाली चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने एमआरआय तपासणी केली जाते. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते. शिरेतून दिलेले गॅडोलिनियमयुक्त द्रव्य अशा ठिकाणी वेगाने जमा होते आणि गाठ उजळून दिसते. स्तनाची घनता येथे फारशी आड येत नाही, हा या तंत्राचा विशेष होय.

नेदरलँड्समध्ये आनुवंशिक धोका असलेल्या १,९०९ स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पसरण्याची क्षमता असलेला कर्करोग ओळखण्याची संवेदनशीलता हाताच्या तपासणीत १७.९ टक्के, मॅमोग्राफीत ३३.३ टक्के आणि एमआरआयमध्ये ७९.५ टक्के आढळली. विशिष्टतेचा क्रम मात्र याच्या नेमका उलट होता : हाताची तपासणी ९८.१ टक्के, मॅमोग्राफी ९५.० टक्के आणि एमआरआय ८९.८ टक्के. त्याच देशात अत्यंत घन स्तनांच्या स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, एमआरआयसाठी निमंत्रित गटात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण हजारी ५.० वरून २.५ पर्यंत उतरल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले.

असे असूनही एमआरआय सर्वसाधारण चाळणीसाठी वापरली जात नाही. खर्च अधिक, वेळ अधिक, बंद नळीत पडून राहण्याची भीती आणि मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्या रुग्णांत द्रव्य देण्यावरील बंधने ही त्याची कारणे आहेत. घरात अनेक स्त्रियांना हा रोग झालेला असणे, संबंधित जनुकदोष सिद्ध झालेला असणे, काखेत गाठ असून स्तनातील मूळ न सापडणे, शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या औषधांचा परिणाम पाहणे अशा निवडक परिस्थितीत या तपासणीचे मोल मोठे आहे.

अन्य तंत्रे

त्वचेच्या तापमानातील फरक टिपणारी थर्मोग्राफी वेदनारहित व किरणोत्सारमुक्त असल्याने तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, तिच्यामुळे मृत्यू घटतात असे सिद्ध झालेले नाही आणि ती मॅमोग्राफीला पर्याय ठरू शकत नाही, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला आहे. गाठीचा कठीणपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी सोनोग्राफीला पूरक ठरते. पेट स्कॅनचा उपयोग रोग शरीरात कोठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी होतो, प्राथमिक शोधासाठी होत नाही. चित्रे वाचण्यासाठी संगणकीय बुद्धिमत्तेची मदत घेण्याचे प्रयोगही सुरू असून, स्वीडनमधील सुमारे ८०,००० स्त्रियांच्या चाचणीत तज्ज्ञांच्या चित्रवाचनाचा भार ४४.३ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्ष-किरणतज्ज्ञांची कमतरता असलेल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने ही दिशा लक्षणीय आहे.

अहवालाची समान भाषा

यंत्र कोणतेही असो, त्याचा अहवाल सर्वांना सारखाच समजला पाहिजे. या हेतूने अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने १९९३ मध्ये बायरॅड्स ही श्रेणीपद्धती प्रसिद्ध केली आणि आज ती भारतातही रूढ आहे. शून्य म्हणजे तपासणी अपूर्ण. १ व २ म्हणजे चिंतेचे कारण नाही. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ म्हणजे संशयास्पद. ५ म्हणजे शक्यता ९५ टक्के वा अधिक. आणि ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला. श्रेणी ४ व ५ मध्ये ऊतीपरीक्षा अनिवार्य असते. येथे विशेष नमूद करावयाचे ते असे की, ग्रामीण स्त्रीच्या हातात अहवाल पडतो तेव्हा त्यावरील शून्य हा अंक ‘काही नाही’ असा वाचला जाण्याचा धोका असतो. वस्तुतः त्याचा अर्थ ‘आणखी तपासणी हवी’ असा आहे. अहवालासोबत मराठीत एका वाक्यात पुढील कृती लिहून देणे यासाठीच आवश्यक वाटते.

तुलनात्मक विवेचन

तंत्रांतील फरकाचा प्रत्यक्ष अर्थ समजण्यासाठी एक साधे गणित मांडता येईल. चाळणीसाठी आलेल्या १०,००० स्त्रियांपैकी १० जणींना कर्करोग आहे असे गृहीत धरू.

अ) केरळातील तिरुवनंतपुरम येथील १,१५,६५२ स्त्रियांच्या चाचणीत हाताच्या तपासणीची संवेदनशीलता ५१.७ टक्के व विशिष्टता ९४.३ टक्के आढळली होती. त्या हिशेबाने १० पैकी सुमारे ५ रुग्ण सापडतील आणि सुमारे ५७० निरोगी स्त्रियांना पुढील तपासणीस जावे लागेल.

आ) जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या ७२,९९८ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ मॅमोग्राफीची संवेदनशीलता ७७.० टक्के व विशिष्टता ९१.४ टक्के होती. त्या हिशेबाने सुमारे ८ रुग्ण सापडतील आणि सुमारे ८६० निरोगी स्त्रियांना पुढे जावे लागेल.

इ) त्याच चाचणीत मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिलेल्या गटात हे आकडे ९१.१ टक्के व ८७.७ टक्के असे होते. त्या हिशेबाने ९ रुग्ण सापडतील आणि सुमारे १,२३० निरोगी स्त्रियांना पुढे जावे लागेल.

भिन्न देशांतील व भिन्न वयोगटांतील चाचण्यांचे आकडे असे शेजारी ठेवताना सावधगिरी हवी, हे मान्यच आहे. परंतु दिशा स्पष्ट होते. तंत्र जितके तीक्ष्ण, तितके रुग्ण अधिक सापडतात आणि तितक्याच निरोगी स्त्रियाही अधिक ओढल्या जातात. अमेरिकेतील २,८०९ अधिक धोका असलेल्या स्त्रियांच्या २००८ मधील अभ्यासातही सोनोग्राफीच्या जोडीने हजारी सापडणारे कर्करोग ७.६ वरून ११.८ झाले, मात्र बायॉप्सी सुचविलेल्यांत प्रत्यक्ष कर्करोग निघण्याचे प्रमाण २२.६ टक्क्यांवरून ११.२ टक्क्यांवर आले. शहरात ज्याला ‘आणखी एक तपासणी’ म्हणतात, त्याचा अर्थ लाखांदूर तालुक्यातील स्त्रीसाठी बुडालेली मजुरी, सोबतीला आलेल्या नातेवाइकाचा बुडालेला दिवस आणि निकाल येईपर्यंत घरभर पसरलेली भीती असा असतो. ती पुढील तपासणी जवळ व वेळेवर मिळाली नाही, तर ज्या ८ किंवा ९ स्त्रियांचा रोग चाळणीने पकडला, त्याही शेकडो निरोगी स्त्रियांच्या गर्दीत हरवून जाण्याची शक्यता असते. हीच या प्रश्नातील कळीची बाब आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केलेला प्रयोग मार्गदर्शक आहे. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये मुंबईतील झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची ही चाचणी सुरू झाली. एका गटाची प्रशिक्षित स्त्री आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा हाताने स्तनपरीक्षा केली. दुसऱ्या गटाला आरोग्यशिक्षण देण्यात आले. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या टप्प्यात रोग आढळण्याचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. सर्व वयोगट एकत्र घेता मृत्यूंत दिसलेली १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरली नाही. परंतु पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत दर लाख व्यक्तिवर्षांमागे मृत्यूंचे प्रमाण ३४.६८ ऐवजी २४.६२ इतके आढळले, म्हणजे जवळपास ३० टक्क्यांची घट झाली. पन्नाशीखालील स्त्रियांत असा लाभ दिसला नाही. कोणतेही महागडे यंत्र न वापरता मिळालेले हे फळ आहे. त्याच वेळी तरुण स्त्रियांसाठी केवळ हाताची तपासणी पुरेशी नाही, याचेही ते निदर्शक आहे.

दुसरा अनुभव सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा. तेथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीच्या निमित्ताने गावोगावी झालेल्या प्रबोधनानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. अवयव वेगळा असला तरी बोध समान आहे. स्त्रीने वेळेवर बोलणे आणि तिचे ऐकून घेणारे कोणी तरी जवळ असणे, हाही निदानाचाच एक भाग होय.

भंडारा जिल्ह्यासाठी तपासणीक्रम

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून स्तनपरीक्षा अपेक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ मध्ये, आरोग्यव्यवस्था दुर्बल असलेल्या प्रदेशांत सर्वांसाठी मॅमोग्राफी चाळणीपेक्षा लवकर निदानावर भर देण्याची भूमिका घेतली. त्याच संघटनेने पुढे तीन लक्ष्ये ठेवली : ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यात व्हावे, प्रथम तपासणीपासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. यांपैकी ६० दिवसांची अट जिल्हा पातळीवर थेट मोजता येण्याजोगी आहे. या पार्श्वभूमीवर पुढील क्रम सुचविता येतो.

१) आशा कार्यकर्तीने माहिती देणे व आरोग्यसेविकेने उपकेंद्रात स्तनपरीक्षा करणे. शिबिरे धानाची रोवणी व कापणी टाळून घ्यावीत. कापणीनंतरच्या दिवसांत गावोगावी रंगणाऱ्या झाडीपट्टी नाटकांच्या निमित्ताने प्रबोधनही साधता येईल.

२) गाठ आढळलेल्या तिशीखालील स्त्रीची प्रथम सोनोग्राफी करावी. तीस ते चाळीस या वयोगटात सोनोग्राफीपासून प्रारंभ करून गरजेनुसार मॅमोग्राफीची जोड द्यावी. चाळिशीपुढील स्त्रीची मॅमोग्राफी व सोनोग्राफी दोन्ही कराव्यात आणि त्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच ठिकाणी व्हाव्यात.

३) श्रेणी ४ वा ५ आल्यास सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली जाड सुईने ऊतीपरीक्षा करावी. हाताची तपासणी, प्रतिमाचित्रण आणि ऊतीपरीक्षा या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय निदान पूर्ण मानू नये. हाताला संशयास्पद लागणारी गाठ मॅमोग्राफीत दिसली नाही, एवढ्यावरून स्त्रीला परत पाठविणे धोक्याचे आहे.

४) एमआरआय व अन्य विशेष तपासण्यांसाठी नागपूरच्या संस्थांकडे निवडक रुग्णच पाठवावेत आणि पाठविलेल्या प्रत्येक स्त्रीचा पाठपुरावा नावानिशी ठेवावा.

५) कर्करोग सिद्ध झाल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या नोंदणीची मदत त्याच टप्प्यावर मिळावी. योजनेमुळे उपचारांचा भार हलका होतो. निदानापूर्वीच्या खेपांत बुडणारी मजुरी मात्र कुटुंबाच्याच पदरी पडते. खेपा कमी करणे हा म्हणूनच तपासणीक्रमाचा एक निकष मानला पाहिजे.

निष्कर्ष

१) सूक्ष्म कॅल्शियमकण व हाताला न लागणारा रोग दाखविण्यात मॅमोग्राफी अग्रेसर आहे, चाळणीमुळे मृत्यू घटल्याचा सर्वांत भक्कम पुरावाही तिच्याच बाजूने आहे. घन स्तनांत मात्र तिची क्षमता उणावते.

२) तरुण स्त्रिया, घन स्तन, पुटी व भरीव गाठ यांतील भेद आणि ऊतीपरीक्षेचे मार्गदर्शन यांसाठी सोनोग्राफी अधिक उपयुक्त आहे, परंतु ती करणाऱ्याचे कौशल्य निर्णायक ठरते.

३) एमआरआय सर्वाधिक संवेदनशील असली तरी तिचा उपयोग उच्च धोका असलेल्या व निवडक रुग्णांपुरताच ठेवणे योग्य आहे.

४) ही तंत्रे परस्परांना पूरक असून वय, घनता व हेतू पाहून त्यांची निवड केली पाहिजे.

५) भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने गाठ लक्षात आल्यापासून ऊतीपरीक्षेच्या निकालापर्यंत लागणारे दिवस हे कोणत्याही यंत्राच्या संवेदनशीलतेइतकेच महत्त्वाचे मापन आहे. जिल्ह्यात हे दिवस नियमितपणे मोजले गेले, तर नवे यंत्र कोठे व कोणते हवे, या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदींतूनच मिळू शकेल.